भंगारातला निऑन ट्रान्सफॉर्मर आणि टेस्ला कॉइल: आधी बंद करायची सोय, मग चालू करायची

महावितरणचा लाइनमन खांबावरच्या तारेला हात लावण्याआधी परमिट घेतो, लाइन खरंच मेली आहे का ते तपासतो आणि तारांवर अर्थिंगचा रॉड अडकवतो. सबस्टेशनने लाइन बंद केल्याचं सांगितलेलं असतं, तरी अडकवतो. टेस्ला कॉइल, म्हणजे व्होल्टेज चढवून हवेत लांब ठिणग्या सोडणारं यंत्र, करायला निघालेल्या नवख्याने ठिणग्यांचे व्हिडिओ बघण्याआधी ही सवय उचलावी. कॉइलचे वेढे मोजताना चूक झाली तर ठिणगी वीतभर न येता बोटभर येते, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक दुरुस्त करता येते. ट्रान्सफॉर्मरच्या वायरिंगमधली चूक दुरुस्त करायला माणूस जागेवर असेलच असं नाही.

म्हणून या लेखात फक्त ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची वायरिंग आहे. कॉइलची सेकंडरी (बारीक तारेची उंच गुंडाळी) गुंडाळणं, ट्यूनिंग, वरचा टोरॉइड (धातूचं कडं) हे सगळं नंतरचं.

कोणता ट्रान्सफॉर्मर घ्यायचा

नाशिकच्या मेन रोडवर, एमजी रोडवर दुकानांच्या पाट्या एकेकाळी निऑनच्या नळ्यांच्या असायच्या. एलईडी आली, नळ्या फुटल्या आणि त्यांच्यामागचे लोखंडी ट्रान्सफॉर्मर किलोच्या भावाने भंगारात गेले. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली उठवला, पण भंगारचा धंदा काही शहरातून गेला नाही. मी पहिला ट्रान्सफॉर्मर घेतला तेव्हा तो आतल्या तांब्यासाठी फोडायच्या ढिगात पडला होता. ‘चालू आहे का?’ असं विचारल्यावर दुकानदार हसला आणि वजन करून मोकळा झाला.

ओळख सोपी आहे. लोखंडी पेटी, दोन टोकांना चिनी मातीचे बुशिंग (आउटपुटची टोकं बाहेर काढणारे इन्सुलेटर), आत डांबर ओतलेलं, आणि उचलताना कंबर सांभाळावी लागेल इतकं वजन. पट्टीवर २३० व्होल्ट इनपुट, १५००० व्होल्ट आउटपुट, ३० मिलिअँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. १०००० व्होल्टचाही चालतो. हातात मावेल असा हलका, प्लॅस्टिकच्या डबीतला मात्र घेऊ नका. तो इलेक्ट्रॉनिक असतो, आतमध्ये उच्च वारंवारितेचं सर्किट असतं, आणि स्पार्क गॅपच्या (ठिणगी उडायला फट ठेवलेल्या) कॉइलला तो उपयोगी नाही.

जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरमध्ये एक गंमत आहे. निऑनची नळी पेटली की तिचा विरोध एकदम उतरतो, त्यामुळे करंटला आवर घालायची सोय ट्रान्सफॉर्मरमध्येच करावी लागते. त्यासाठी प्रायमरी (इनपुटची वाइंडिंग) आणि सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्यांची वाट ठेवलेली असते, त्या वाटेने काही चुंबकीय प्रवाह परस्पर वळतो. आउटपुटची दोन्ही टोकं एकत्र जोडली तरी ३० मिलिअँपिअरच्या आसपासच करंट वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळत नाही. कॉइलच्या स्पार्क गॅपमध्ये दर सेकंदाला शेकडो वेळा नेमकं असंच शॉर्टसर्किट होतं. पण ‘फक्त ३० मिलिअँपिअर’ असं मनात आणू नका. छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडवायला तेवढा करंट पुरतो.

आता मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. तो सगळीकडे मिळतो आणि जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून नवखे आधी त्याच्याकडे वळतात. माझं म्हणणं सरळ आहे: वळू नका. त्याचा व्होल्टेज साधारण दोन हजारच असतो, पण करंट निऑनच्या कित्येक पट, अर्ध्या अँपिअरच्याही पुढे जाऊ शकतो. सेकंडरीचं एक टोक थेट लोखंडी गाभ्याला जोडलेलं असतं, म्हणजे जमिनीवर उभ्या माणसाने दुसऱ्या टोकाला हात लावला की सर्किट पूर्ण. निऑनमधून झटका खाऊन वाचलेले जुने पाटीवाले भेटतात. मायक्रोवेव्हच्या बाबतीत तशी आशा धरू नये. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या छंदात याच ट्रान्सफॉर्मरने परदेशात माणसं मेली आहेत. ओव्हनच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे ओव्हनमध्ये मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या नळीचा, सिरॅमिक भाग काही वेळा बेरिलियम ऑक्साइडचा असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं. तेव्हा ओव्हन न उघडता तसाच भंगारात जाऊ द्या.

मेन्सला (घरच्या २३० व्होल्टच्या सप्लायला) लावण्याआधीची तपासणी

घरी आणल्यावर बुशिंग पुसा, तडे बघा, आणि डांबर कुठून वितळून बाहेर आलंय का ते बघा. वितळलं असेल तर तो कधीतरी भयंकर तापलेला आहे, परत देऊन टाका. मग साधा मल्टिमीटर ओहमवर लावा. प्रायमरी काही ओहम दाखवेल. एका बुशिंगपासून पेटीपर्यंत काही हजार ओहम, आणि दुसऱ्या बुशिंगपासून पेटीपर्यंत साधारण तेवढेच. सेकंडरीचा मधला टॅप (मधून काढलेलं टोक) पेटीला जोडलेला असतो, म्हणून हे दोन अर्धे. एका बाजूला वाचन आलंच नाही किंवा दोन्हींमध्ये मोठा फरक निघाला, तर तो अर्धा गेला. त्यानंतर प्रायमरी आणि पेटी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. मेगर घरात कोणाकडे नसतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात असतो, आणि चहाच्या पैशात तपासून देतात. दहावीस मेगओहमच्या खाली वाचन असेल तर ट्रान्सफॉर्मर ओला किंवा खराब आहे. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला असेल तर आधी आठवडाभर कोरड्या, उबदार जागी ठेवून पुन्हा तपासा.

आता आउटपुट तपासायचा, पण २३० व्होल्ट देऊन नाही. १५००० ला २३० ने भागलं की सुमारे ६५ येतात. म्हणजे रेडिओच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रायमरीला ६ व्होल्ट एसी दिले तर दोन बुशिंगांमध्ये साधारण ३९० व्होल्ट, आणि प्रत्येक बुशिंग ते पेटी १९५ च्या आसपास दिसायला हवेत. दोन्ही अर्धे सारखे आले की मला समाधान वाटतं. लक्षात ठेवा, ३९० व्होल्टही घरच्या फेजपेक्षा जास्त आहेत. मीटरच्या क्लिपा आधी लावायच्या, सप्लाय नंतर चालू करायचा, वाचन घ्यायचं, सप्लाय बंद करायचा आणि मगच क्लिपा काढायच्या. हाच क्रम पुढे पंधरा हजाराला लागणार आहे, तर तो इथे हातात बसू द्या.

दोन अर्थिंग, आणि त्यांची गल्लत

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

जुन्या घराच्या पडवीत मी ट्रान्सफॉर्मर मांडला होता. सॉकेट तीन पिनांचं, मागे हिरवी वायर नीट जोडलेली. पेटीला हिरवी वायर लावली आणि निश्चिंत झालो. ६ व्होल्टची चाचणी संपवून मेन्सवर गेलो, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा फिरवता ट्रान्सफॉर्मर) जेमतेम हलवला आणि पेटीला बोटाची मागची बाजू लागली. मुंग्या आल्या. बंद करून वायरमनला बोलावलं. त्याने मीटरबोर्ड उघडला तर सगळ्या घराच्या हिरव्या वायरी एकत्र पिळून, वर टेप गुंडाळून ठेवलेल्या. खाली जमिनीत जाणारी वायर कोणीतरी कधीच कापून नेली होती. सॉकेटमध्ये हिरवी वायर दिसते म्हणजे अर्थिंग आहे, असं मी तेव्हापासून कधीच मानलं नाही. फेज ते अर्थ मीटरने २३० दाखवले तरी पुरावा पुरा होत नाही. कमकुवत अर्थिंगवरही मीटर तेवढे दाखवतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्या. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असेल तर त्यात पाणी शेवटचं कधी घातलं होतं, तेही त्याला विचारू द्या.

ही झाली पहिली, घरची अर्थिंग. तिला जोडायचं ते असं: ट्रान्सफॉर्मरची पेटी, डिमरस्टॅटचं आवरण, कंट्रोल पॅनेलचा पत्रा. वायर जाड, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवलेला, पत्र्यावरचा रंग खरवडलेला. नुसती गुंडाळून ठेवलेली वायर चालणार नाही.

दुसरी अर्थिंग कॉइलच्या सेकंडरीच्या तळाची. तिच्यातून काही लाख हर्ट्झचा करंट जमिनीत जातो. हा करंट घरच्या हिरव्या वायरीत सोडला तर तो टीव्ही, राउटर, शेजाऱ्यांचं इन्व्हर्टर सगळीकडे फिरून येतो आणि काहीतरी घेऊन जातो. त्यासाठी वेगळा रॉड ठोकायचा, घरच्या खड्ड्यापासून काही मीटर लांब, आणि कॉइलपासून तिथपर्यंत तांब्याची रुंद पट्टी किंवा वेणी, शक्य तितकी आखूड. नाशिकच्या काळ्या जमिनीला मे महिन्यात हाताएवढ्या भेगा पडतात, तेव्हा रॉडभोवती आदल्या दिवशी पाणी सोडावं लागतं. काही भागांत दोन फुटांवर मुरूम आणि खाली कातळ लागतो. तिथे एक लांब रॉड ठोकायचा हट्ट न धरता दोन-तीन आखूड रॉड अंतरा-अंतराने ठोकून एकमेकांना जोडा. नळाचा पाइप, गच्चीवरची सळई, इमारतीची वीजरोधक पट्टी यांना हात लावायचा नाही. आणि या रॉडला कधीही घरच्या अर्थिंगची जागा द्यायची नाही. बिघाड झाल्यावर एमसीबी पाडण्याइतका करंट एकटा रॉड बहुतेक वेळा वाहून नेत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माझा सल्ला: हे काम फ्लॅटमध्ये करू नका. गावाकडचं घर, मित्राची शेड, कॉलेजची प्रयोगशाळा, यांपैकी काहीतरी गाठा.

मेन्सची बाजू

भिंतीपासून ट्रान्सफॉर्मरकडे जाताना क्रम असा लागतो: ६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की पडणारा स्विच), किल्लीचा स्विच, कॉन्टॅक्टर (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच), डिमरस्टॅट, मेन्स फिल्टर (उच्च वारंवारितेचा करंट मेन्समध्ये परतू न देणारा) आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. १५००० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर म्हणजे ४५० व्होल्टअँपिअर, म्हणून २३० व्होल्टवर साधारण दोन अँपिअर धरा. ६ चा एमसीबी भरपूर झाला.

सातपूर आणि अंबडमध्ये पॅनेल बनवणारे इतके आहेत की जुना कॉन्टॅक्टर, किल्लीचा स्विच आणि तातडीने बंद करायचं लाल मशरूम पुशबटन स्वस्तात मिळतं. कॉन्टॅक्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या. त्याच्या चुंबकाच्या सर्किटमध्ये पायाने दाबायचं पेडल घाला, असं की पाय उचलला की सगळं बंद. हाताने चालू करून ठेवायचा स्विच इथे नको. लाइट जाऊन परत आली तर कॉन्टॅक्टर आपोआप ओढला जाता कामा नये, म्हणून चालू करायचं हिरवं बटन होल्डिंग कॉन्टॅक्टसह (बटन सोडल्यावर कॉन्टॅक्टरला ओढून धरणाऱ्या जोडणीसह) जोडून घ्या. पॅनेलचा कोणताही वायरमन हे दहा मिनिटांत काढून देतो.

डिमरस्टॅटबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. तो शून्यावर असला की पुढचं सगळं मेलेलं, असं लोक समजतात. डिमरस्टॅटमध्ये एकच वाइंडिंग असते, तो मेन्सपासून काहीही वेगळं करत नाही. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर शून्यावरसुद्धा दोन्ही आउटपुट टर्मिनलवर फेज असतो. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी-जास्त करायला आहे, बंद करायला नाही.

आणि आरसीसीबी. तो हवाच, पण तो कशापासून वाचवतो हे नीट समजून घ्या. आत जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे की नाही, एवढंच तो बघतो, आणि तेही प्रायमरीत. समजा तुमचा हात एका बुशिंगला लागला. करंट हातातून, पायातून जमिनीत, तिथून अर्थिंगने पेटीत आणि पेटीतून सेकंडरीच्या मधल्या टॅपला परत जातो. हा सगळा फेरा सेकंडरीचा आहे. प्रायमरीत जितका करंट गेला तितकाच परत आला, आरसीसीबीला काही कळलंच नाही, तो पडणार नाही. प्रायमरीतून पेटीला गळती झाली तर मात्र तो पडेल आणि तुम्हाला वाचवेल. बुशिंगच्या पलीकडे घरातली कुठलीही सुरक्षा तुमच्या बाजूने नसते. तिथे फक्त अंतर कामाला येतं.

एचटीची (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेजची) बाजू

पाटीवाल्यांकडे १५ केव्हीची (१५००० व्होल्टची) सिलिकॉनची निऑन केबल मिळते, ती घ्या. साधी पीव्हीसी वायर दोन-तीन वेढे टेप मारूनही चालत नाही. एचटीच्या तारा एकमेकींपासून आणि मेन्सच्या वायरींपासून किमान वीतभर लांब, सुट्या आणि सरळ ठेवा. गाठी, घट्ट वळणं, पेटीच्या पत्र्यावरून घासत गेलेली केबल, इथूनच आधी ठिणगी पडते. सगळं मांडायला प्लायवुड वापरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ते दमट होऊन त्यावर काळी रेघ जळत जाते, आणि एकदा कोळशाची रेघ पडली की ती तारच समजायची. मी स्वयंपाकघरातला पॉलिथिनचा जाड चॉपिंग बोर्ड वापरतो. बायकोला नवा आणून दिला, जुना कॉइलखाली गेला.

जोडणीत स्पार्क गॅप ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांवर आडवा येतो आणि कपॅसिटर प्रायमरी कॉइलच्या (टेस्ला कॉइलच्या तळाशी असलेल्या थोड्या वेढ्यांच्या कॉइलच्या) रांगेत. उलटी जोडणीही ठिणगी देते, पण तिच्यात उच्च वारंवारितेचा मार ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर जास्त बसतो. जुनं डांबर तो फार दिवस सोसत नाही. शिवाय बुशिंग आणि गॅप यांच्या मध्ये प्रत्येक बाजूला १००० ओहमचा, ५० ते १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाका, आणि ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ तीन गोळ्यांचा सेफ्टी गॅप: मधला गोळा अर्थला, बाजूचे दोन दोन बुशिंगांना. बाकी काही न जोडता पूर्ण व्होल्टेजला तो जेमतेम शांत राहील एवढं अंतर ठेवायचं. अंतर बदलताना दर वेळी सगळं बंद, प्लग बाहेर.

कपॅसिटरचा आकडा इंटरनेटवरच्या तक्त्यातून घेताना सावध राहा. बहुतेक तक्ते ६० हर्ट्झचे असतात, आपल्याकडे ५०. या ट्रान्सफॉर्मरशी नेमका जुळणारा, म्हणजे रेझोनन्सचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ६.४ नॅनोफॅरड येतो. तो मुद्दाम टाळायचा, कारण गॅप उडाला नाही तर व्होल्टेज चढत जाऊन ट्रान्सफॉर्मर फोडतो. साधारण दीडपट, म्हणजे १० नॅनोफॅरड ठेवा. ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्ट डीसीचे, पल्ससाठी बनवलेले पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर १५ नग एकामागे एक जोडले की बरोबर १० नॅनोफॅरड आणि ३०००० व्होल्ट होतात.

प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगओहमचा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर १५००० च्या शिखराला, म्हणजे २१००० व्होल्टला भरलेली ही माळ दोन जूलहून जास्त ऊर्जा धरून गप्प बसून राहते. रेझिस्टर असला की दहाएक सेकंदांत ती ५० व्होल्टच्या खाली येते. साधे रेझिस्टर एवढा व्होल्टेज सहन करत नाहीत. जास्त व्होल्टेजचे घ्या किंवा तीन-चार कमी ओहमचे रांगेत जोडून १० मेगओहम करा. आणि रेझिस्टर तुटलाही असू शकतो, हे धरून चाला. म्हणून मीटरभर पीव्हीसी पाइपच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला लवचिक वायर, वायरीचं दुसरं टोक माळेच्या एका बाजूला कायमचं पक्कं केलेलं: हा आपला डिस्चार्ज रॉड.

पहिल्यांदा चालू करताना

एकट्याने करू नका. दुसरा माणूस एमसीबीजवळ उभा, त्याला सीपीआर येत असलेला आणि त्याला एकच गोष्ट पक्की सांगितलेली: काही झालं तर आधी एमसीबी पाडायचा, मग हात लावायचा, मग १०८. पेसमेकर किंवा कानाचं यंत्र असलेल्या माणसाला आणि लहान मुलांना आवारात येऊ देऊ नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा. पायाखाली आयएस १५६५२ ची इन्सुलेटिंग मॅट. गॅपमधून ओझोन आणि अतिनील प्रकाश दोन्ही येतात, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅपकडे टक लावून बघू नका.

आधी कपॅसिटर न जोडता, फक्त सेफ्टी गॅपसह डिमरस्टॅट हळूहळू वर न्या आणि कान द्या. नुसती गुणगुण ठीक. आतून तडतड आली, डांबराचा वास आला तर पाय उचला; तो ट्रान्सफॉर्मर संपला. ठीक असेल तर मुख्य गॅप जोडा, मग कपॅसिटर आणि प्रायमरी कॉइल. प्रत्येक टप्प्याला वीस-तीस सेकंद, मग बंद, मग गरम काय झालंय ते बघणं. वरच्या टोकाची ठिणगी त्वचेवरूनच जाते, इजा होत नाही, असं कोणी सांगेल. बोट पुढे करू नका. ठिणगी प्रायमरी कॉइलवर पडली की तिच्यामागून ५० हर्ट्झ येऊ शकतो, आणि तो त्वचेवर थांबत नाही.

बंद करायचा क्रम पॅनेलवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. पाय वर. मशरूम दाबला. एमसीबी खाली. प्लग बाहेर काढून माझ्या डोळ्यांना दिसेल असा टेबलावर. मिनिटभर थांबून डिस्चार्ज रॉड माळेच्या मोकळ्या टोकाला, मग गॅपच्या दोन्ही बाजूंना. आकडा लागताना टक् असा आवाज आला तर एखादा रेझिस्टर गेला आहे. तो सापडेपर्यंत पुढचा प्रयोग नाही. आकडा तिथेच अडकवून ठेवायचा, हात आत असेपर्यंत आणि नंतर रात्रभरही. किल्लीचा स्विच बंद केल्यावर किल्ली माझ्या खिशात येते. पेडलही मी वेगळ्या खोलीत ठेवतो, कारण घरी भाचेमंडळी येतात.